टर्बोची फुस्स: वाचकांचे प्रश्न

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच गोष्टीची, ब्लो ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे टर्बो गाडीत पाय उचलला की अडकलेली दाबाची हवा सोडणारी झडप. कोणाला बसवायचाय, कोणी बसवून पस्तावलाय, एकाने तर "दादा तो आवाज कसा आणायचा" एवढीच ओळ लिहून पाठवलीय, खाली ना गाडीचं नाव ना गावाचं. पावसाळ्यात घरात बसलं की गाडीत काय काय घालायचं ते सगळ्यांनाच सुचतं, माझंही तसंच होतं, त्यामुळे तक्रार नाही. सहा पत्रं घेतो, पहिलंच लांब आहे.

प्रश्न: दादा, माझ्याकडे सेकंड हॅंड ऑक्टाव्हिया आरएस आहे, जुनी, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएसवाली. घेतली तेव्हा स्टॉक होती, आता फ्रंट माउंट इंटरकूलर, मोठा डाउनपाइप आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) झालाय, गेजवर बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) १.१ बारपर्यंत जायचा. गेले दोन महिने गिअर बदलताना तुतुतुतु असा आवाज येतो, आणि आता बूस्ट ०.८ च्या वर चढतच नाही. मित्र म्हणतात कंपनीचा व्हॉल्व्ह फेकून दे, बाहेर हवा सोडणारा मोठा ब्लो ऑफ टाक, पॉवर पण वाढेल. एचकेएस, टियाल, टर्बोस्मार्ट, फोर्ज, सगळी नावं ऐकून डोकं फिरलंय. कुठला घेऊ? (म्हापसा)

उत्तर: आधी पाकीट खिशात ठेव. तू जी दोन लक्षणं लिहिलीस ती एकत्र आली की माझा पहिला संशय जुन्या व्हॉल्व्हच्या फाटलेल्या पडद्यावर जातो, नवीन कुठला तो विषय नंतर.

बघ, तू बूस्टवर असताना पाय उचलतोस, थ्रॉटलचं झाकण बंद होतं, पण टर्बो तेव्हा लाखाच्या वर आरपीएमने फिरतोय, तो काय तुझ्या पायाबरोबर थांबत नाही, हवा ढकलतच राहतो आणि पुढे दार बंद. मग ती दाबलेली हवा उलटी फिरून टर्बोच्या पंख्यावर येते आणि पात्यांमधनं झटके देत मागे पळते, तेच तुझं तुतुतुतु. त्या हवेला वाट द्यायला थ्रॉटलच्या अलीकडे एक झडप असते आणि झडपेच्या डोक्यावरनं एक बारीक नळी थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाला, जाते. बूस्टवर असताना झडपेच्या वर आणि खाली दाब सारखाच, वरनं स्प्रिंगचा जोर जास्तीचा, म्हणून बंद. पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, नळी झडपेला वर खेचते, खालनं बूस्ट ढकलतो, झडप उघडते. एवढंच यंत्र आहे, मग ते चकचकीत ॲल्युमिनियमचं असो नाहीतर कंपनीचं काळं प्लास्टिक. आणि म्हणूनच त्याने पॉवर वाढत नाही. तो ज्या क्षणी काम करतो तेव्हा तुझा पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच, मग पॉवर कुठनं येणार. फाटलेला बदलला की गेलेली पॉवर परत मिळते, आणि मग लोक गावभर सांगत सुटतात की ब्लो ऑफ टाकला आणि गाडी उडायला लागली.

तुझ्या गाडीत कंपनीचा जो प्लास्टिकचा डायव्हर्टर (हवा बाहेर न सोडता परत आत वळवणारा व्हॉल्व्ह) आहे त्याच्या आत रबरी पडदा असतो. वीस वर्षांचं रबर, त्यात बूस्ट दुप्पट केलेला. पडदा चिरला की व्हॅक्यूम त्याला नीट खेचू शकत नाही म्हणून तुतुतु, आणि बूस्टवर तीच चीर गळते म्हणून ०.८. टेस्ट फुकटची आहे, स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटं. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह काढ, खालच्या तोंडातनं बोट घालून आतली झडप वर दाब, ती वर असतानाच डोक्यावरच्या बारीक नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट धर आणि बोट काढ. झडप वरच अडकून राहिली तर पडदा शाबूत. हळूहळू किंवा टपकन खाली आली तर फाटलाय. माझ्याकडे या टेस्टला आणलेले जुने व्हॉल्व्ह बहुतेक टपकनच येतात.

पडदा ठीक निघाला तर ती बारीक नळी तपास. पुष्कळदा नळीच टोकाला चिरलेली असते, किंवा कोणीतरी स्वस्तातली मऊ सिलिकॉन नळी घातलेली असते जी व्हॅक्यूममध्ये चपटी होते, किंवा बूस्ट गेज लावणाऱ्याने याच नळीला टी मारून गेजची लाइन काढलेली असते. व्हॉल्व्हची नळी स्वतंत्र पाहिजे, मॅनिफोल्डवरनं थेट, जमेल तेवढी आखूड. त्यानंतर इंटरकूलरचे जोड, तुझा फ्रंट माउंट आहे म्हणजे पाइप वाढले, क्लॅम्प वाढले. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी क्लॅम्पचा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून बसतो आणि पट्टी सैल झालेली वरनं दिसत पण नाही. पाइपात थोडा दाब भरायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की चोर सापडला.

आता नवीन घ्यायचाच तर. तुझ्या इंजिनात एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच मास एअरफ्लो सेन्सर आहे, आत शिरणारी हवा तिथे मोजली जाते आणि तेवढं पेट्रोल ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सोडतो. कंपनीचा व्हॉल्व्ह सोडलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी, म्हणजे मीटरच्या पुढेच आणून घालतो, हिशोब जुळतो. बाहेर सोडणारा लावलास की मोजलेली हवा गेली बोनेटखाली, पेट्रोल मात्र तिच्या नावाने पडतच राहिलं. प्रत्येक पाय उचलण्याला मिक्स्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, सायलेन्सरमधनं काळा धूर, कधी फटाके, आणि थांबताना इंजिन बंद.

हे मला कसं माहीत? माझ्याकडेही हीच गाडी होती. अंगात मस्ती होती, आणि मी एक डुप्लिकेट बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हौसेने स्वतः बसवला, दोन दिवस नुसता फुस्स फुस्स करत फिरलो. तिसऱ्या दिवशी रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीवर गाडी चढवायची होती. उतारावर पाय उचलला, फुस्स झालं, क्लच दाबला आणि आरपीएमचा काटा खाली गेला तो गेलाच. इंजिन बंद, स्टिअरिंग दगड, दोन दाबांत ब्रेकचा पण दगड, गाडी अर्धी रॅम्पवर अर्धी फेरीवर, मागे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, स्कूटर आणि दहा-बारा मोटरसायकली. फेरीवरचा माणूस ओरडला, "पात्रांव, आवाज काढपाक आयलां काय पलतडीं वचपाक?" (आवाज काढायला आलायस की पलीकडे जायला?) सगळी फेरी हसली. संध्याकाळी कंपनीचा व्हॉल्व्ह परत गेला.

म्हणून तुझ्यासाठी माझं सरळ मत, हवा परत आत सोडणाराच घे. पहिला पर्याय बॉशचा ७१०एन, ऑडी टीटीच्या २२५ पीएसवाल्या १.८ टर्बोत कंपनीकडनंच येणारा, तुझ्या २५ मिलीमीटरच्या पाइपात तसाच बसतो, १.१ बार आरामात धरतो, आणि बाकी सगळ्या नावांपेक्षा स्वस्त. दिसायला काळं प्लास्टिकच, मित्रांना दाखवण्यासारखं काही नाही. दुसरा पर्याय फोर्जचा ००७, धातूचा, पिस्टनवाला, स्प्रिंग बदलता येते, फाटायला पडदाच नाही. पण पिस्टनला दर सहा-आठ महिन्यांनी उघडून पुसून ग्रीस लागतं, आपल्या दमट हवेत तर लागतंच, नाहीतर तो जड होतो आणि परत तुतुतु सुरू. दर वेळी उघडायचा कंटाळा असेल तर ७१०एन. टियालचा ५० मिलीमीटरवाला उत्तम वस्तू आहे पण तो मोठ्या टर्बोच्या, स्टँडअलोन (कंपनीचा काढून वेगळा बसवलेल्या) ईसीयूवर चालणाऱ्या गाड्यांचा, तुझ्या छोट्या टर्बोला तो म्हणजे शेळीच्या गळ्यात बैलाची घंटा. एचकेएसच्या सीक्वेन्शियलला हवा परत आत नेणारा ॲडॉप्टर वेगळा मिळतो, तो लावणार असशील तर चालेल, पण मग आवाजही गेला, आणि आवाजासाठीच तर लोक तो घेतात.

अगदीच मन राहत नसेल तर मधला रस्ता आहे, दोन तोंडांचा व्हॉल्व्ह, टर्बोस्मार्टचा ड्युअल पोर्ट किंवा जीएफबीचा रिस्पॉन्स. थोडी हवा आत, थोडी बाहेर. जीएफबीला किती बाहेर ते फिरवून ठरवता येतं. पाय हळू उचलला तर बहुतेक हवा आत जाते, त्यामुळे फेरीच्या उतारावर अब्रू वाचते. तरी मीटरवाल्या गाडीत हा हौसेचाच मामला, हे धरून चाल.

प्रश्न: मी फोंड्याचा, नोकरी बेळगावात, दर शनिवारी घरी. गाडी पुंटो टी-जेट, अबार्थवाली. बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावलाय, वर फिरवायचा स्क्रू आहे. बेळगावात बसवला, ट्यून केला, एकदम मस्त. घाट उतरून फोंड्याला आलो की सिग्नलवर उभी असताना व्हॉल्व्हमधनं सतत सीस्स असा बारीक आवाज. इंजिन बंद वगैरे पडत नाही. परत बेळगावला गेलो की आवाज गायब. गॅरेजवाला म्हणतो भास आहे.

उत्तर: भास नाही रे, घाट आहे. बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच, म्हणजे अडीच हजार फूट. दर हजार फुटाला व्हॅक्यूम गेज जवळजवळ एक इंच कमी दाखवतो. म्हणजे फोंड्यात आयडलला (पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना) तुझा काटा २० इंचावर (पाऱ्याच्या) असेल तर तोच बेळगावात साडेसतरावर. तू स्प्रिंग बेळगावच्या साडेसतराला जेमतेम बंद राहील अशी सैल ठेवलीस, खाली आल्यावर तेच इंजिन झडपेला अडीच इंच जास्त जोराने वर खेचतं आणि आयडललाच ती थोडी उघडी राहते. बूस्ट गेजला व्हॅक्यूमची बाजू असेल तर दोन्हीकडे आयडलला बघून लिहून ठेव, गॅरेजवाल्याला दाखवायला.

स्प्रिंग निवडताना लोक नेहमी "माझा बूस्ट किती" हे विचारतात, पण बूस्ट तर झडपेच्या वर-खाली सारखाच असतो, तो एकमेकाला खातो. स्प्रिंग ठरते ती आयडलच्या व्हॅक्यूमवरनं. दोन इंच म्हणजे ढोबळमानाने एक पीएसआय (हेही दाबाचंच माप), म्हणजे २० इंचाला स्प्रिंगचा जोर १० पीएसआयच्या थोडा वर लागतो. तगडे कॅम (सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) घातलेलं इंजिन आयडलला १२ इंचच दाखवत असेल तर त्याला मऊ स्प्रिंग, नाहीतर झडप उघडणारच नाही.

आता तुझं इंजिन बंद का पडत नाही? टी-जेटमध्ये मॅप सेन्सर आहे, तो हवा फिल्टरपाशी मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब बघून हिशोब करतो. त्यामुळे वरच्या म्हापसेकरासारखा त्रास तुला नाही, बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तुझ्या गाडीला चालतो. पण तो सीस्स आवाज हवा बाहेर जाण्याचा नाहीये. आयडलला टर्बो काही दाब करत नसतो, उलट फिल्टरमुळे पाइपात किंचित ओढच असते, त्यामुळे उघड्या झडपेतनं बाहेरची हवा आत जाते, फिल्टर न लागलेली. विश्वास नसेल तर गाडी आयडलला ठेवून टिश्यू पेपर व्हॉल्व्हच्या तोंडापाशी धर, चिकटतो की नाही बघ. (आत जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं.) आणि तू कुठनं येतोस, तिस्क-उसगाववरनं. तिथे ट्रकांच्या मागे ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की शर्टाची कॉलर लाल होते, तीच धूळ गाळल्याशिवाय सिलिंडरमध्ये जातेय. साखळी, डिचोली, कुडचडे, खाणीच्या रस्त्याला असणाऱ्या सगळ्यांनाच सांगतोय. थ्रॉटलच्या आधीचा पाइप सोडव, आत बोट फिरव आणि बोटाचा रंग बघ.

उपाय सोपा, फोंड्यात, खाली, इंजिन गरम असताना स्क्रू पाव-पाव वळसा आवळत जा, टिश्यू चिकटायचा थांबला की अजून पाव वळसा आणि बस. मग बेळगावला हळू पाय उचलल्यावर थोडं तुतु होईल, होऊ दे. कमी बूस्टवरचं एवढंसं फडफडणं टर्बोला मारत नाही. पूर्ण बूस्टवर रोज होणारं वेगळं, तिथे शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगला दणके बसतात. ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप बी रॅलीच्या गाड्या फडफडतच धावायच्या हे खरंय, पण त्यांचे टर्बो कोणी दीड लाख किलोमीटर चालवायला बसवले नव्हते.

प्रश्न: स्विफ्ट डिझेल आहे, १.३. गॅरेजमध्ये ब्लो ऑफचं किट दाखवलं, वायरिंग आणि स्विचसकट. घेऊ का? (कुडचडे)

उत्तर: नको. पेट्रोलसारखं पाय उचलला की बंद होणारं थ्रॉटल डिझेलला नसतं, हवेला दार सतत उघडं, त्यामुळे सोडायला अडकलेला दाबच नाही. ते किट म्हणजे पेडल सोडलं की विजेवर उघडणारी झडप, तुझ्या बूस्टच्या पाइपाला भोक पाडून फक्त आवाज काढायला बसवलेली. पुढच्या पिकअपला बूस्ट परत भरेपर्यंत गाडी मंद, वर धूर. आणि ती झडप एखाद दिवशी उघडीच अडकली तर अनमोड घाटात तुला पाठीमागचे ट्रकवाले ओव्हरटेक करतील. तेवढ्या पैशात चार नवीन ग्लो प्लग येतात.

प्रश्न: ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २.० टीएसआय, २३० पीएस, स्टेज १ (म्हणजे फक्त रीमॅप). टर्बो आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या मध्ये घालायची स्पेसर रिंग मिळते, म्हणतात याने कंपनीचाच व्हॉल्व्ह बाहेर फुस्स करतो. शिवाय धातूच्या पिस्टनचं किट पण सुचवलंय. दोन्ही घालू का एक? (मडगाव)

उत्तर: तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह टर्बोच्याच अंगावर आहे आणि विजेवर चालतो, नळीचा व्हॅक्यूम नाही, ईसीयूच ठरवतो कधी उघडायचं. त्यामुळे बाजारातला जुन्या पद्धतीचा नळीवाला व्हॉल्व्ह इथे बसवायला गेलात तर आधी ईसीयूला फसवायला लागतं, त्या वाटेला जाऊच नका.

स्पेसर रिंग म्हणजे काय, तर व्हॉल्व्ह उघडला की हवा टर्बोच्या तोंडाकडे जायच्या ऐवजी काही भाग रिंगच्या भोकातनं बाहेर. व्हॉल्व्ह तोच, फायदा शून्य, आवाज मात्र येतो. दोन जास्तीचे ओ-रिंग आणि लांब बोल्ट आले, म्हणजे गळायला दोन नव्या जागा. हौस असेल तर घाला, पण ओ-रिंग बसवताना चिमटली तर पुढचा महिनाभर बूस्ट लीकचा एरर शोधत बसाल, माझ्याकडे आलेल्या अशा दोन गाड्यांत तेच झालं होतं.

पिस्टनचं किट, जीएफबीचं डीव्ही प्लस म्हणतात ते, वेगळी गोष्ट आहे. त्यात कंपनीचं सोलेनॉइड (विजेवर झडप हलवणारा भाग) तसंच राहतं, फक्त आतला भाग धातूचा होतो. जुन्या २.० टीएसआयमध्ये रबरी पडद्याचे व्हॉल्व्ह यायचे, ते फाटायचे, तिथे अशी किटं खरोखर कामाची. तुमचा व्हॉल्व्ह काढून बघा, धड असेल तर स्टेज १ ला पुरतो. एक घ्यायचंच तर पिस्टन, रिंग नको, आणि दोन्ही तर नकोच. बाकी नवीन टर्बो गाड्या घेतलेल्यांनी एक लक्षात ठेवा, काही नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्हच नसतो, तेव्हा दुकानात जायच्या आधी बोनेट उघडून तो आहे का ते तरी बघा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. चिरंजीवांनी गाडीला काहीतरी बसवलं आहे, ते रात्री साडेअकराला दोनापावलाहून परत येतात तेव्हा वळणावरच फुस्स-फुस्स ऐकू येतं आणि शेजारचा कुत्रा भुंकायला लागतो. विचारलं तर म्हणतो "बाबा, हे इंजिनसाठी चांगलं असतं." हे खरं का? आणि पोलिसांनी धरलं तर? (पणजी)

उत्तर: सर, इंजिनसाठी हवा सोडणं चांगलं असतं हे खरं, ती शेजाऱ्यांच्या कुत्र्याला ऐकवून सोडायची गरज नसते हेही खरं. कंपनीने दिलेला व्हॉल्व्ह तेच काम गुपचूप करत होता.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायदा बदलला, त्यात १८२ए कलमाखाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवा. आवाज आणि प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जायची तरतूद. वर रात्री १० ते सकाळी ६ ही आवाजाच्या नियमांतली रात्र. आणि इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आठवतो, तो त्यांना बरोबर आठवतो. मी स्वतः मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर पोट भरतो, त्यामुळे मी साधूचा आव आणत नाही, पण गिऱ्हाईकाला हे आधी सांगतो.

भांडण नको असेल तर त्याला म्हणा, व्हॉल्व्ह तोच ठेव, तोंडाला पाइप लावून हवा परत आत ने. पुष्कळ व्हॉल्व्हना तसा जोड मिळतो. त्याचा व्हॉल्व्ह पण राहील, तुमची झोपही.

प्रश्न: ओरिजिनल आणि डुप्लिकेट कसा ओळखायचा? ऑनलाइन तोच व्हॉल्व्ह दहापट फरकाने दिसतो. (वास्को)

उत्तर: दहापट फरक हेच उत्तर आहे. हातात आला तर आतली झडप बोटाने दाबून बघ, चांगल्या व्हॉल्व्हची एकसारखी, न अडखळता वर जाते आणि परत येऊन ठक्क बसते, डुप्लिकेटची मध्ये कुठेतरी खरखरते. झडप बसते ती कड बोटाच्या नखाने तपास, मशीनचे ओरखडे लागले तर तो आयुष्यभर गळणार. डुप्लिकेटच्या स्प्रिंगचा जोर काय ते कोणालाच माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नाही. तेवढेच पैसे असतील तर भंगारातला कंपनीचा चालू व्हॉल्व्ह घे, अंगठ्याची टेस्ट वर दिलीय. आणि वास्कोला समुद्राजवळ गाडी उभी असते म्हणून सांगतो, बोल्ट आणि क्लॅम्प स्टेनलेसचे घाल, ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत असा धरतो की काढताना बोल्ट तुटतो किंवा आटे निघून येतात.

आता तो एका ओळीवाला, "दादा तो आवाज कसा आणायचा". नाव-गाव नाही तरी उत्तर देतो, कारण सगळ्यात स्वस्त उत्तर याचंच आहे. टर्बो पेट्रोल असेल आणि कंपनीचा व्हॉल्व्ह हवा परत आत सोडणारा असेल, तर फुस्स तुझ्या गाडीत आत्ताही होतेच आहे, फक्त ती एअर फिल्टरच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेली आहे. डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला की तोच आवाज बाहेर ऐकू येतो, वर टर्बोची शिट्टी बोनस, हवेचा हिशोबही शाबूत. तोटा म्हणजे इंजिनची गरम हवा ओढली जाते, म्हणून फिल्टर हेडलाइटच्या मागे थंड कोपऱ्यात घे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा कर. मीटरवाली गाडी असेल तर तेल लावायचा फिल्टर घेऊ नकोस, तेल सेन्सरच्या तारेवर बसतं, सुका घे. आणि जूनपासून गणेशचवथीपर्यंत जुना डबा परत लाव, कारण कोन खाली बंपरच्या मागे असतो आणि आपल्याकडे एका पावसात रस्त्यावर फूटभर पाणी कुठे साचेल ते सांगता येत नाही.